कोपलेले देव आणि दुखावलेली मुले

देगलूर तालुक्यातील एका खेड्यातून गेल्या महिन्यात एक माता आमच्याकडे आली होती. त्या कुटुंबाने धम्मदीक्षा घेतल्याला अद्याप वर्ष पुरे झालेले नाही. दीक्षेनंतर त्यांनी बावीस प्रतिज्ञांना जागून घरातील देव्हारा काढला, टाक नदीत सोडले, पोचम्माच्या नावाने दरसाल पडणारा बळी बंद केला आणि भिंतीवर भगवान बुद्धांची व परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर लावली. सहा महिने गेले आणि त्यांची बारा वर्षांची मुलगी शाळेत जाईनाशी झाली. रात्री ती दचकून उठते. सकाळी पोट दुखते म्हणून रडते. डॉक्टरांना पोटात काही सापडत नाही. जेवण तुटले, बोलणे तुटले. गावाने मात्र निदान तत्काळ केले. ज्यांना तुम्ही नदीत सोडले त्यांनी पोर धरली, देव कोपले! आजीने कोंबडे ठरवले, देवऋषी ठरवला, उताऱ्याचा दिवसही ठरवला. आणि त्या मातेने आम्हास विचारले, "दादा, आमचं काही चुकलं का?"

(मुलीची ओळख पटू नये एवढ्यापुरते तपशील आम्ही बदलले आहेत.)

हा प्रश्न आम्ही फार गंभीर मानतो. धर्मांतराच्या सिद्धान्तावर विद्वानांनी घेतलेले आक्षेप एकीकडे आणि या मातेचा प्रश्न एकीकडे तोलला, तर पारडे या प्रश्नाच्या बाजूनेच झुकेल. कारण नवदीक्षित घरात देव्हारा परत येतो तो भक्तीने येत नाही. तो लेकराच्या आजारपणाच्या भीतीने येतो. ज्या रात्री मूल तापाने किंवा भयाने कण्हत असते त्या रात्री आईबापांच्या बुद्धीची खरी परीक्षा होते आणि नेमक्या त्याच रात्री त्यांच्यापाशी शेजारी, सासू व देवऋषी यांखेरीज कोणी नसते. आमचे वक्ते तेव्हा कोठे असतात? ते जयंतीच्या व्यासपीठावर असतात.

मुलीशी दोन तास सावकाश बोलल्यावर जे कळले ते असे. बाप बांधकामाच्या मजुरीवर हैदराबादेस गेला, मागाहून चार महिने आईही गेली, मुलगी आजीजवळ राहिली. बाप परत आला तो दारू घेऊन आला. शाळेत शिष्यवृत्तीची यादी भर वर्गात जातीनिशी वाचण्यात आली, आणि काल-परवापर्यंत डबा वाटून खाणाऱ्या मैत्रिणी दुसऱ्या दिवशी जागा बदलून बसल्या. "नवबौद्ध" हा सरकारी कागदावरील शब्द मुलांनी चिडवण्याचा शब्द केला. एके दिवशी पाण्याच्या टाकीपाशी जे घडले ते तिने सांगितले नाही. तेथे येताच ती गप्प झाली. यांत पोचम्मा कोठे आहे? म्हसोबा कोठे आहे? माणसांनी केलेले सारे एका पोरीच्या अंगावर आले आहे, आणि त्याचा आळ बिचाऱ्या दगडांवर!

भगवान तथागतांच्या काळीही लोक असेच होते. श्रावस्तीच्या पटाचारेची कथा आमच्या विहारांतून सांगितली जाते, परंतु ती निव्वळ करुणेची कथा म्हणून सांगितली जाते. पटाचारेचा पती सर्पदंशाने गेला, एक लेकरू ससाण्याने उचलले, दुसरे नदीने नेले, आईबाप व भाऊ घर कोसळून त्याखाली गेले. तिचे भान हरपले. ती विवस्त्र भटकू लागली आणि लोक तिला वेडी म्हणून ढेकळे मारू लागले. ती विहाराकडे आली तेव्हा शिष्यांनी तिला अडवू पाहिले. तथागतांनी तिला जवळ येऊ दिले, तिला भानावर आणले आणि तिची हकीकत ऐकून घेतली. तिला कोणत्या देवतेने धरले हे त्यांनी विचारले नाही. अंगुत्तर निकायात तर तथागतांनी रोगाचे कायिक व मानसिक असे दोन प्रकार सांगितले आहेत. ज्या धम्मात मन हेच सर्वाच्या आरंभी मानले आहे, त्या धम्माच्या उपासकाने मनाच्या आजाराची लाज का बाळगावी?

आता आधुनिक शास्त्र काय म्हणते ते पाहू. अमेरिकेत सॅन दिएगो येथे डॉ. व्हिन्सेंट फेलिटी हे लठ्ठपणावरील उपचाराचे केंद्र चालवीत असत. चांगले वजन उतरत असलेले रोगी मध्येच उपचार सोडून जातात, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यांनी विचारपूस केली, तेव्हा पुष्कळांच्या बालपणी अत्याचार दडलेला आढळला. पुढे डॉ. रॉबर्ट अँडा यांच्यासह त्यांनी सतरा हजारांवर प्रौढांना बालपणाविषयी प्रश्न विचारले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अहवालात त्यांपैकी ९,५०८ जणांची उत्तरे होती. घरातील मारहाण, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारझोड, घरातील व्यसन अशा प्रकारच्या आपत्तींची त्यांनी मोजणी केली. निम्म्याहून अधिक लोकांनी निदान एक तरी आपत्ती भोगली होती. ज्यांनी चार वा अधिक प्रकार भोगले होते त्यांच्या ठायी मद्यासक्ती, नैराश्य व आत्मघाताचा प्रयत्न यांचा धोका, एकही न भोगलेल्यांच्या मानाने, चार ते बारा पट आढळला. बालपणी जे मनावर कोरले जाते ते पन्नाशीत शरीरावरही उमटते, हे या संशोधनाने आकड्यांनी दाखवले.

या आकड्यांचा कोणी विपर्यास करू नये. हा अंक म्हणजे नवी जन्मपत्रिका नव्हे. "पोरीचे चार आले, आता तिचे काही खरे नाही," असे म्हणणारा आणि शनीची साडेसाती सांगणारा ज्योतिषी यांत फरक काय राहिला? हा अंक समूहाविषयी बोलतो, एकेका मुलाचे भविष्य त्यावरून सांगू नये, असा इशारा खुद्द डॉ. अँडा यांनीच २०२० साली दिला आहे.

आमचा खरा आक्षेप निराळा आहे. त्या मूळ प्रश्नावलीतील सारे प्रश्न घराच्या उंबरठ्याच्या आत संपतात. उत्तरे देणारे लोकही बहुतांशी गोरे, शिकलेले आणि आरोग्यविमा असलेले होते. त्यांच्या बालपणी आपत्ती यायची ती घरातून येई. आमच्या मुलाची आपत्ती उंबरठ्याबाहेरही उभी असते. ती वर्गात असते, पाणवठ्यावर असते, मिरवणुकीच्या रस्त्यावर असते. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे आपली स्वतंत्र प्रश्नावली तयार केली. तीत सवंगड्यांकडून होणारा छळ, वस्तीतील हिंसा, सामूहिक हिंसा हे प्रश्न घातले. हे ठीकच झाले. तरी देगलूरच्या मुलाला "तुला जातीवरून वेगळे बसवले काय?" असे सरळ विचारल्यावाचून येथील संशोधन पुरे होणार नाही.

या प्रश्नाचे उत्तर देणारा पहिला साक्षीदार कोण, हे वाचकांस सांगावयास नको. साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या तरटावर वेगळा बसणारा आणि शिपायाने वरून पाणी ओतल्यावाचून तहान भागवू न शकणारा तो मुलगा. १९०१ साली आपल्या वडिलांना भेटण्यासाठी भावंडांसह निघालेला, मसूर स्थानकावर जात कळताच गाडीवानांनी नाकारलेला, दुप्पट भाडे देऊनही रात्रभर पाण्यावाचून राहिलेला तो मुलगा. आई तर त्याच्या लहानपणीच गेली होती. बाबासाहेबांनी या आठवणी पुढे स्वतः लिहून ठेवल्या आणि पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या १९९० साली 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने प्रसिद्ध केल्या. त्या प्रवासाचा ठसा आपल्या मनावरून कधीच पुसला गेला नाही, असे त्यांनी तेथे नमूद केले आहे. ज्यांनी राज्यघटना घडवली त्यांनी आपल्या बालमनावरील जखम लपवली नाही. आणि आमचे काही कार्यकर्ते मात्र रडणाऱ्या पोराला "भीमाचा वाघ रडत नसतो" म्हणून दटावतात! बाबासाहेब त्यातून उभे राहिले ते काही दटावणीने नव्हे. सुभेदार रामजींचा शिस्तीचा पण आधाराचा हात, आत्या मीराबाईंची माया, आणि पुढे १९०७ साली बुद्धचरित्र भेट देणारे केळुसकर गुरुजी ही माणसे त्यांच्यापाशी होती. मुलाच्या बाजूने ठाम उभे राहणारे एक जरी मोठे माणूस असले तर आघाताचा भार पुष्कळ हलका होतो, हे आजचे शास्त्रही सांगते.

आमच्या मराठवाड्याने या बाबतीत एक विचित्र अनुभव घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगामातीखाली गेली. त्यानंतर डॉ. मोहन आगाशे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या मानसिक आरोग्य संस्थेने, भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने, भूकंपग्रस्तांच्या मनःस्वास्थ्याचा अभ्यास केला. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले. या कार्याचा आम्ही आदरानेच उल्लेख करतो. परंतु त्याआधी पंधरा वर्षे, २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने संमत केला, आणि त्याच रात्रीपासून मराठवाड्यातील दलित वस्त्या पेटू लागल्या. याच नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. त्या रात्री ज्वारीच्या पिकात आईच्या कुशीत दडून बसलेली मुले आज पन्नाशीत आहेत. त्यांच्या झोपेचे काय झाले, हे कोणी विचारले? घराचे पत्रे किती जळाले याचे पंचनामे झाले. मुलांच्या मनाचा पंचनामा झाला नाही. जमीन हलली की माणसाचे मन हलते हे शासनास पटते. माणसाने माणसाचे घर जाळल्यानेही ते हलते, हे पटावयास आणखी किती वर्षे हवीत? त्यांतील कित्येक आज आजोबा-आजी आहेत, आणि नातवंडाच्या किंकाळीने त्यांचेच जुने भय जागे होते. देवऋषीकडे धावणाऱ्या त्या आजीला आम्ही दोष देत नाही. तिच्या बालपणी तरी तिची विचारपूस कोणी केली होती?

गरज किती आहे आणि उपचार किती जणांपर्यंत पोहोचतो, याचे काही आकडे उपलब्ध आहेत. बंगळूरच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात १३ ते १७ वर्षांच्या मुलांपैकी ७.३ टक्के मुलांना मनोविकार आढळला. निरनिराळ्या विकारांत उपचारावाचून राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के निघाले. हे सर्वेक्षण बारा राज्यांत झाले आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. युनिसेफच्या २०२१ च्या अहवालात २१ देशांतील तरुणांना, मनाच्या त्रासात इतरांची मदत घेणे बरे की एकट्याने सोसणे बरे, असे विचारले होते. मदत घेणे बरे असे सरासरी ८३ टक्के म्हणाले. भारतात असे म्हणणारे अवघे ४१ टक्के होते. म्हणजे दवाखाना दूर आहे ही अर्धीच अडचण झाली. दवाखान्याची वाट मनातच बंद आहे ही उरलेली अर्धी. आणि आमच्या मुलास तर तिसरीच धास्ती असते. समोरचा डॉक्टर आडनाव विचारील, नंतर गाव विचारील, आणि मग त्याच्या चेहऱ्यावरचा भाव बदलेल. ज्याने अपमान सोसला आहे तो मदतीच्या दारातही अपमानाचीच अपेक्षा करतो. संशोधकांनी सेवेचा वापर मोजताना ही गोष्ट मोजली पाहिजे.

तथापि कायदा आज आमच्या बाजूस आहे, ही गोष्ट प्रत्येक नवदीक्षित घरात माहीत असली पाहिजे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला व २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या अठराव्या कलमाने शासनाच्या मानसिक आरोग्यसेवेचा हक्क प्रत्येकास दिला आहे, आणि त्यात धर्म, जात, वर्ग यांवरून भेद करता येणार नाही असे स्पष्ट लिहिले आहे. रुग्णास लांबचा प्रवास करावा लागू नये, सेवा त्याच्या राहत्या ठिकाणाजवळ असावी, दारिद्र्यरेषेखालील माणसास शासकीय ठिकाणी ती विनामूल्य मिळावी, हेही त्याच कलमात आहे. आता देगलूरपासून नांदेड सुमारे ऐंशी किलोमीटर. आजारी मुलीला घेऊन एका दिवसाची मजुरी व दोन माणसांचे बसभाडे खर्चून विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जावे लागत असेल, तर "लांबचा प्रवास" याचा अर्थ कायदा करणाऱ्यांनी आणखी काय धरला होता? ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी ही राज्याची जुनी चार मनोरुग्णालये. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही आले नाही. आमचा विधानसभा मतदारसंघ राखीव आहे. राखीव जागेवर निवडून जाणाऱ्यांनी या ऐंशी किलोमीटरांवर सभागृहात एक प्रश्न विचारावा, एवढी अपेक्षा फाजील खास नाही.

दुसरी गोष्ट याहून नवी आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुखदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात मानसिक स्वास्थ्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे सांगितले आणि देशभरातील शिक्षणसंस्थांसाठी निर्देश घालून दिले. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता असला पाहिजे. गुणांवरून विद्यार्थ्यांच्या तुकड्या पाडू नयेत, त्यांना चारचौघांत लाजवू नये. साहाय्याचे दूरध्वनी क्रमांक वर्गात व वसतिगृहात ठळक लावावेत. देगलूर-मुखेड-बिलोलीतील आमची कितीतरी मुले डॉक्टर होण्याच्या आशेने लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांत जातात आणि परक्या खोलीत एकटी राहतात. हे निर्देश त्या शिकवणी वर्गांनाही लागू आहेत. पालकांनी शुल्क भरताना पावतीबरोबर समुपदेशकाचे नावही मागावे.

उपचार सुरू होईपर्यंत मुलाने कोणाशी बोलावे, हा प्रश्न उरतो. त्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची 'टेली-मानस' ही सेवा चालू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक निःशुल्क असून दिवसरात्र चालतो. मराठीप्रमाणे तेलुगू व कन्नड भाषांतही तेथे बोलता येते, आणि आमच्या सीमेवरील घरांत कधीकधी एकाच छपराखाली या तिन्ही भाषा नांदत असतात. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा मुलाच्या तोंडी आली तर मात्र क्षणभरही एकटे सोडू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. किशोरवयीन मुलांसाठी शासकीय रुग्णालयांतून जी केंद्रे चालतात त्यांना महाराष्ट्रात 'मैत्री' हे नाव दिलेले आहे. हे नाव ठेवणाऱ्याला धम्मातील मैत्री ठाऊक असेल वा नसेल, आमच्या मुलांस तो शब्द परका वाटणार नाही.

विपश्यनेविषयी आम्हांस पुष्कळ पत्रे येतात. मनाला शांतता देणारी ती साधना आहे यात वाद नाही. परंतु गंभीर मनोविकाराच्या रुग्णाने शिबिरास येऊ नये असे शिबिरे चालवणारेच सांगतात. सबब औषध बंद करून मुलास ध्यानाला बसवणे हे देवऋषीकडे नेण्याचेच सुधारलेले रूप होईल. आणि देवऋषीविषयी बोलायचे तर, भूत उतरवण्याच्या नावाने मारहाण करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे त्यासही ऐकवून ठेवावे.

घराच्या आतील गोष्ट मात्र कोणत्याही कायद्यावर ढकलता येणार नाही. केंद्र शासनाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या बालकांवरील अत्याचाराच्या अभ्यासात, महाराष्ट्रासह तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांना विचारले असता, दर तिघांपैकी दोघांनी मारहाण सोसल्याचे सांगितले, आणि मारणाऱ्यांत आईबापांचा वाटा मोठा होता. पंचशीलातील पाचवे शील सायंकाळी म्हणावयाचे आणि रात्री पिऊन येऊन पोरांसमोर बायकोवर हात टाकावयाचा, असे घर कागदावर बौद्ध झाले तरी त्या मुलीस काय लाभले? हे लिहिताना आम्हांस आनंद होत नाही. परंतु स्पृश्यांनी दिलेल्या जखमा तेवढ्या मोजावयाच्या आणि आपल्या हाताने दिलेल्या झाकावयाच्या, ही लबाडी होय.

त्या मातेस आम्ही सांगितले की, तुमचे चुकले नाही. उताऱ्याचा दिवस टळला. आजीला समजावण्यास वस्तीतील आशाताई गेल्या होत्या आणि त्यांचे बोलणे आमच्या बोलण्याहून अधिक कामी आले. बाप एकदा सोबत आला, दुसऱ्यांदा आला नाही. मुलगी नांदेडला दोन वेळा जाऊन आली आहे. झोप थोडी लागते, शाळेचे नाव अजून काढत नाही. तिसऱ्या खेपेच्या बसभाड्याची सोय विहाराच्या दानपेटीतून केली आहे, पण असे किती दिवस चालणार? देगलूरच्या उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून ठरलेल्या एका दिवशी मानसोपचारतज्ज्ञ बसावा, आणि तालुक्यातील शंभरावर विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शाळेने आपल्या समुपदेशकाचे नाव फलकावर लिहावे, असे दोन अर्ज आम्ही तयार केले आहेत. पहिला जिल्हा शल्यचिकित्सकांकडे व दुसरा गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाईल. ज्या कुटुंबांना सही करावयाची असेल त्यांनी येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात थांबावे. ज्यांची मुले शिकती आहेत त्यांनी मुलांनाही सोबत आणावे, कारण शाळेत काय चालते हे त्यांच्यावाचून आम्हांस कोण सांगणार?